जालना रोडवरच्या धुराचं मॉडेल कितपत खरं, हे तपासायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरात एम.टेक. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने जालना रोडवरच्या वाहनांच्या धुराचं मॉडेल बांधलंय. महावीर चौकापासून चिकलठाण्यापर्यंतचा रस्ता, चौकाचौकांत कॅमेऱ्यावरून मोजलेली वाहनं, आणि काही गाड्यांच्या सायलेन्सरला फिरता गॅस ॲनालायझर लावून घेतलेल्या दर सेकंदाच्या नोंदी. त्यावर ‘रँडम फॉरेस्ट’ (अनेक निर्णयवृक्षांची सरासरी काढून अंदाज देणारी संगणकी पद्धत) शिकवलं, आर-वर्ग (अंदाज मोजमापाशी किती जुळतो याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.९३ आला. गाईड म्हणतात, कोपर्ट या युरोपीय उत्सर्जन-मॉडेलशी ताडून पाहा. बाहेरचे परीक्षक ‘व्हॅलिडेशन (पडताळणी) कुठे आहे?’ असं विचारतील, ही धास्ती आहे. आणि शेवटी एक ओळ: सिग्नल एकमेकांशी जुळवले किंवा शहर बसच्या फेऱ्या वाढवल्या तर धूर किती कमी होईल, हे महापालिकेला या मॉडेलवरून सांगायचं आहे.

ती शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

उत्सर्जनाचं मॉडेल सरसकट चांगलं किंवा वाईट नसतं. अख्ख्या शहरातून वर्षभरात नॉक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड) किती निघतो, हे बऱ्यापैकी सांगणारं मॉडेल सकाळी साडेनऊला क्रांती चौकात काय चाललंय हे सांगताना साफ चुकू शकतं. तुम्हाला महापालिकेला फरक सांगायचाय: आज इतका, सिग्नल जुळवल्यावर इतका. तर तुमच्या मॉडेलची परीक्षा फरकावरच व्हायला हवी. एकूण आकडा जुळला आणि फरक चुकला, तर तुमच्या कामासाठी ते मॉडेल नापास. उलट एकूण आकडा थोडा वर-खाली असला तरी वाहन थांबण्या-निघण्यातला फरक ते नीट पकडत असेल, तर ते कामाचं. संभाजीनगर, जालना आणि लातूर ही आपली तिन्ही शहरं २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत. कुठल्या चौकात काय काम काढायचं, हे असल्या आकड्यांवरून ठरतं. म्हणून हे तपासणं प्रबंधाच्या एका प्रकरणापुरतं समजू नका.

आता ०.९३ कडे. दर सेकंदाच्या नोंदी असल्या की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शिकवायचा आणि तपासायचा डेटा वेगळा केला कसा? सगळ्या ओळी पिसून ८० टक्के इकडे, २० टक्के तिकडे असं केलं असेल, तर तो आकडा बाजूला ठेवा. एकाच गाडीच्या एकाच फेरीतला ४१वा सेकंद शिकवणीत आणि ४२वा परीक्षेत गेला, की मॉडेलला उत्तर आधीच ठाऊक असतं. या दोन सेकंदांत गाडी तीच, इंजिन तितकंच तापलेलं, वेगही जवळपास तोच. त्याऐवजी एक अख्खी गाडी बाजूला काढा, बाकीच्या गाड्यांवर शिकवा आणि त्या न पाहिलेल्या गाडीवर तपासा. हे प्रत्येक गाडीसाठी आळीपाळीने करा. मग रस्त्याच्या बाबतीत तेच: मोंढा नाका ते सेव्हन हिल्स हा तुकडा पूर्ण बाजूला ठेवून पाहा. आर-वर्ग दणकन खाली येईल. येऊ द्या. प्रबंधात तोच आकडा लिहा, कारण रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक गाडी तुमच्या मॉडेलने न पाहिलेलीच असणार आहे.

इथेच गाड्यांच्या संख्येचा प्रश्न येतो आणि तो फार अवघड आहे. धुराची वाटणी सारखी नसते. अमेरिकेत रस्त्याकडेला किरण लावून जाणाऱ्या हजारो गाड्यांचा धूर मोजला गेला, तेव्हा कार्बन मोनॉक्साइडचा जवळपास निम्मा भाग दहाएक टक्के गाड्यांतून येताना दिसला. तिथला नेमका आकडा इथे लागू करू नका, पण ही विषमता जुन्या-नव्या गाड्या मिसळलेल्या प्रत्येक रस्त्यावर असते. समजा, आपल्या रस्त्यावर दर १० गाड्यांत एक अशी ‘घाण’ गाडी आहे. तुम्ही यादृच्छिक १० गाड्या निवडल्या, तर त्यात अशी एकही गाडी नसण्याची शक्यता ३५ टक्के. ३० गाड्या घेतल्या तरी ती ४ टक्के उरतेच. आणि प्रत्यक्षात निवड यादृच्छिक नसते. प्रयोगाला गाडी देतात ते मित्र, प्राध्यापक, कॉलेजची बस. म्हणजे बऱ्यापैकी निगा राखलेली वाहनं. ज्या रिक्षाचा धूर पाहून आपण रुमाल काढतो, तिचा मालक दिवसाचा धंदा सोडून ॲनालायझर लावायला कशाला येईल? त्यामुळे सरासरी कमी निघण्याकडे तुमच्या डेटाचा कल असणार, हे गृहीत धरून चाला. जमलं तर त्या रिक्षावाल्याला दिवसाचं भाडं द्या आणि त्याची गाडी मोजा. कॉलेजच्या आणखी पाच गाड्या मोजण्यापेक्षा त्या एका रिक्षातून जास्त कळेल.

पीयूसीच्या नोंदी वापरून ही उणीव भरून काढायचा मोह होतो. तो टाळा. पेट्रोल गाडीची पीयूसी उभ्या गाडीत, इंजिन रिकामं चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन पाहते. डिझेलला ॲक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा पाहतात. नॉक्स त्यात मोजलाच जात नाही.

आकड्यांच्या कसोट्यांबद्दल. प्रत्येक तासाच्या एकूण उत्सर्जनाचा अंदाज आणि मोजमाप यांचा आलेख काढला, तर आर-वर्ग चांगला येणारच. दोन्हीकडे वाहनसंख्या आहे. सकाळी दहाला गाड्या जास्त आणि पहाटे चारला कमी, एवढं कळणारं कुठलंही मॉडेल तिथे चमकतं. म्हणून वाहनसंख्येने भागा आणि दर गाडीमागे दर किलोमीटरला किती ग्रॅम, यावर तुलना करा. तिथे मॉडेलचा खरा कस लागतो. शिवाय आर-वर्गाला सरसकट चूक दिसत नाही. तुमचा प्रत्येक अंदाज खऱ्याच्या बरोबर दोन-तृतीयांश असेल, तर सहसंबंध पूर्ण १ येईल आणि उत्सर्जन मात्र तिसऱ्या हिश्शाने कमी दाखवलेलं असेल. हे पकडायला ‘फ्रॅक्शनल बायस’ काढा: मोजमाप आणि अंदाज यांच्या सरासरीतला फरक, दुपटीने, भागिले दोन्हींची बेरीज. मोजमाप १२० आणि अंदाज ८० असेल तर तो ०.४ येतो. हवेतल्या प्रसाराच्या (धूर हवेत कसा पसरतो ते सांगणाऱ्या) मॉडेलांसाठी २००४ मध्ये चँग आणि हॅना यांनी सुचवलेली मर्यादा ०.३ आहे, आणि किमान निम्मे अंदाज मोजमापाच्या अर्ध्यापट ते दुप्पट या पट्ट्यात बसावेत, अशी दुसरी अट. त्या कसोट्या मुळात प्रसारासाठी आहेत. उत्सर्जनाला वापरताना तसं स्पष्ट लिहा, पण वापरा.

आणखी एक तुलना अगदी साधी आहे, तरी बहुतेक प्रबंधांत सापडत नाही. एक अडाणी मॉडेल बनवा: प्रत्येक वाहनप्रकाराला एकच ठरावीक ग्रॅम प्रति किलोमीटर, वेग-बिग काही नाही. तुमचं रँडम फॉरेस्ट त्या अडाणी मॉडेलपेक्षा न पाहिलेल्या गाडीवर किती सुधारतं? सुधारणा नगण्य असेल तर गुंतागुंत कशासाठी केली, याचं उत्तर तयार ठेवावं लागेल. २०१० मध्ये रॉबिन स्मिट आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या अशा पडताळण्या एकत्र करून पाहिल्या. मॉडेल जास्त गुंतागुंतीचं असलं की अंदाज हमखास सुधारतो, याला त्यांना ठोस पुरावा मिळाला नाही. सरासरी चूक कार्बन डायऑक्साइडसाठी साधारण १.३ पटीच्या आत, हायड्रोकार्बन आणि नॉक्ससाठी २ पटीच्या आत, कार्बन मोनॉक्साइड आणि कणांसाठी ३ पटीच्या आत, असं त्यांचं निरीक्षण आहे. हे आकडे जवळ ठेवा. तुमची नॉक्सची चूक ५ टक्के आली तर आनंद मानण्याआधी तपासणीत काहीतरी गळतंय का, ते शोधा.

आता मला सर्वांत भरवशाची वाटणारी तपासणी सांगतो. तिला उपकरण लागत नाही. आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ तोच प्रश्न मॉडेलला विचारा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्याचा हिशेब लिटरला साधारण २.१५ किलो येतो. डिझेलचा साधारण २.६५ किलो. लिटरला ५० किलोमीटर जाणाऱ्या मोटरसायकलने किलोमीटरला सुमारे ४३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडायला हवा. लिटरला ४ किलोमीटर जाणाऱ्या बसने सुमारे ६६० ग्रॅम. तुमचं मॉडेल मोटरसायकलला ९० ग्रॅम देत असेल, तर ती गाडी लिटरला २४ किलोमीटर जाते असं ते म्हणतंय. हे ऐकून कुठलाही मेकॅनिक हसेल. रिक्षावाले, बसडेपोचे कर्मचारी, टेम्पोचे चालक यांना आपल्या गाडीचं शहरातलं आणि हायवेवरचं ॲव्हरेज तोंडपाठ असतं. त्यांना विचारा, वाहनप्रकारानुसार तक्ता करा आणि मॉडेलशेजारी ठेवा. कार्बनचा हिशेब जुळत नसेल तर बाकी प्रदूषकांवर वेळ घालवू नका. चूक वेगात, चढात किंवा वजनात आहे, ती आधी शोधा. जुळत असेल तर नॉक्स बरोबर आहे असं सिद्ध होत नाही, पण इंजिनावरचा भार मॉडेलला कळतोय, एवढी खात्री मिळते.

भाराचाच मुद्दा पुढे नेतो, कारण तुमचा सिग्नलचा प्रश्न यावरच उभा आहे. कोपर्ट हे मुख्यतः सरासरी वेगावर चालणारं युरोपीय मॉडेल. जालना रोडवर ताशी २० किलोमीटरची सरासरी दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी येऊ शकते: गर्दीत सगळे संथ पण सलग चाललेत, किंवा मोकळ्या रस्त्यावर ५० ने सुटून प्रत्येक सिग्नलला थांबताहेत. सरासरी वेगाला दोन्ही सारखेच. इंजिनाला नाहीत. कारसाठी दर टनामागची शक्ती काढायचं प्रचलित सूत्र असं आहे: वेग गुणिले (१.१ गुणिले प्रवेग, अधिक ९.८१ गुणिले चढ, अधिक ०.१३२), आणि त्यात ०.०००३०२ गुणिले वेगाचा घन मिळवायचा. वेग मीटर प्रति सेकंदात, उत्तर किलोवॉट प्रति टन. सपाट रस्त्यावर ताशी ३० ने सलग चाललेल्या कारचं उत्तर साधारण १.३ येतं. त्याच वेगात ती सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद या दराने वेग वाढवत असेल तर १०.४. आठपट. उड्डाणपुलाचा चढ ४ टक्के धरला तर सलग ३० ने चढतानाही ४.५. जालना रोडवर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको असे पूल आहेत. पुलावरून जाणारी गाडी आणि पुलाखाली सिग्नलला थांबणारी गाडी, या दोघींना एकाच वेगाच्या खान्यात टाकणारं मॉडेल सिग्नल जुळवण्याचा फायदा सांगूच शकत नाही. म्हणून गाईड म्हणतात तशी कोपर्टशी तुलना जरूर करा, पण तिला पडताळणी म्हणू नका. ती दोन अंदाजांची आपसातली तुलना आहे. दोघंही एकाच दिशेने चुकलेले असू शकतात.

तुमचं मॉडेल प्रवेग वापरतं हे चांगलं, पण त्यात दोन जागा अगदी हमखास फसवतात. पहिली जीपीएस. मोबाइलच्या जीपीएसमध्ये सेकंदाला अर्ध्या मीटरची वेगचूक सहज येते. एका सेकंदात तेवढी चूक म्हणजे अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग इतका खोटा प्रवेग, आणि ताशी ३० ला त्यातून साडेचार किलोवॉट प्रति टन एवढा खोटा भार. कच्चा वेग वापरलात तर उभी गाडीसुद्धा काम करताना दिसेल. वेग गुळगुळीत करा, पण इतकाही नको की खरे झटके पुसले जातील. किती गुळगुळीत केला हे लिहा आणि ते बदलून उत्तर किती हलतं तेही दाखवा. जीपीएसच्या उंचीवर तर चढ कधीच काढू नका. पुलांचे चढ पातळीयंत्राने किंवा नकाशावरून घ्या.

दुसरी जागा ॲनालायझरचा उशीर. धूर सायलेन्सरातून नळीत, नळीतून यंत्रात पोहोचेपर्यंत काही सेकंद जातात, आणि हा उशीर प्रत्येक वायूला वेगळा असतो. तो जुळवला नाही तर सिग्नल सुटल्यावरचा धूर पुढच्या संथ चालीच्या नावावर पडतो. रँडम फॉरेस्टला मागच्या सेकंदांची माहिती दिली असेल तर ते हा घोळ मुकाट्याने गिळतं, आकडाही चांगला देतं, आणि सिग्नलचा परिणाम विचारला की भलतंच सांगतं. कार्बन डायऑक्साइडची उसळी इंजिनाच्या आरपीएमच्या उसळीशी जुळवून गाडीच्या प्रत्येक फेरीसाठी उशीर तपासा.

वाहनांच्या मिश्रणाबद्दल मराठवाड्यात काम करताना जास्त काळजी घ्यावी लागते. आरटीओकडच्या नोंदणीचा एकूण आकडा म्हणजे रस्त्यावरच्या गाड्या नव्हेत. त्यात भंगारात गेलेल्या, गावाकडे गोठ्यात उभ्या असलेल्या गाड्याही आहेत. नवी गाडी जास्त फिरते, जुनी कमी. त्यामुळे नोंदणीवरून काढलेलं सरासरी वय आणि रस्त्यावर दिसणारं वय वेगळं येतं. जालना रोडवर एमएच-२० खालोखाल एमएच-२१ जालन्याच्या, एमएच-२३ बीडच्या आणि पुण्याहून सेकंड हँड आलेल्या गाड्या दिसतात. कॅमेऱ्यात नंबरप्लेट दिसत असतील तर त्यावरून इंधन, नोंदणीचं वर्ष आणि बीएस टप्पा (भारत स्टेज, म्हणजे गाडीला लागू असलेला धुराचा निकष) एवढंच टिपा आणि नंबर लगेच पुसून टाका. लोकांच्या येण्या-जाण्याची नोंद साठवायचा आपल्याला अधिकार नाही. बीएस टप्पा इतका महत्त्वाचा का? देशभर बीएस-४ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून लागू झालं, आणि प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी एप्रिल २०२३ पासून. दिसायला सारख्या दोन डिझेल टेम्पोंमध्ये नॉक्स आणि काजळीचा फरक अनेक पटींचा असू शकतो. तुमच्या कॅमेऱ्याला दोन्ही ‘एलसीव्ही’च (हलकी मालवाहू वाहनं) दिसतात.

त्यात आपल्याकडचे काही प्रकार परदेशी मॉडेलांत बसतच नाहीत. डिझेलवर चालणारी तीनचाकी शेअर रिक्षा, प्रवासी मिळेपर्यंत सिडको बसस्टँडसमोर इंजिन चालू ठेवून उभी. तिचा सरासरी वेग काय धरायचा? आणि गाळप हंगामात परभणी, धाराशिव, लातूरकडच्या गावांतून दोन ट्रॉल्या लावून जाणारे उसाचे ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला बीएस-६ लागू नाही. त्यांचे निकष वेगळे आहेत आणि ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना पुढचा टप्पा जानेवारी २०२३ मध्ये लागू झाला. त्याहून लहान ट्रॅक्टर तेव्हा जुन्याच निकषांवर राहिले. हेच मॉडेल उद्या लातूरला न्यायचा विचार असेल तर ट्रॅक्टरचा खाना आधी तयार करा. नाहीतर नोव्हेंबर ते मार्चमधलं उत्सर्जन तुम्ही ट्रकच्या नावावर मांडाल.

उत्सर्जन गुणांक (किलोमीटरला किती ग्रॅम धूर, हे वाहनप्रकारानुसार ठरवलेले आकडे) कुठून घेतले, हेही परीक्षक विचारतील. भारतीय वाहनांसाठी पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने काढलेले गुणांक खूप वापरले जातात, पण ते बीएस-३ पर्यंतच्या काळातल्या गाड्यांवरचे आहेत. पुण्यातच २००३ मध्ये आयव्हीई या आंतरराष्ट्रीय उत्सर्जन-मॉडेलसाठी रस्त्यावरच्या वाहनांचा अभ्यास झाला होता. पद्धत शिकायला तो उत्तम आहे, आजच्या गाड्यांच्या आकड्यांसाठी नाही. बीएस-६ डिझेलच्या मोठ्या गाड्यांत युरियाचं द्रावण फवारून नॉक्स कमी करतात. ती रासायनिक क्रिया व्हायला धूर साधारण २०० अंशांहून गरम लागतो. चौकाचौकांत थांबत जाणाऱ्या बसचा धूर तेवढा तापत नाही, आणि नेमकं शहरातच नॉक्स कागदापेक्षा जास्त निघतं. चाचणीकेंद्रातला आकडा आणि रस्ता यांत किती अंतर पडू शकतं, हे २०१५ च्या फोक्सवॅगन प्रकरणाने जगाला दाखवलं. तिथे मुद्दाम फसवणूक होती आणि रस्त्यावरचा नॉक्स मर्यादेच्या ४० पटींपर्यंत गेला होता. फसवणूक नसतानाही अंतर राहतं, कारण चाचणीची चाल आणि आपली चाल एक नाही.

मग स्वतंत्र पुरावा आणायचा कुठून? बोगदा असता तर दोन्ही तोंडांची हवा मोजून भागलं असतं. जालना रोडला बोगदा नाही. हवा मोजणारी केंद्रं आहेत, पण वाळूजच्या मोरे चौकातलं केंद्र औद्योगिक वसाहतीतलं आहे. तिथला आकडा जालना रोडच्या धुराची साक्ष देणार नाही. रस्त्याकडेला स्वतः मोजावं लागेल, आणि इथे बहुतेक जण एक घोटाळा करतात: हवेतलं प्रमाण थेट उत्सर्जनाशी ताडतात. मधे वारा असतो. हिवाळ्यात पहाटे हवा जमिनीलगत कोंडते, तेव्हा तेवढ्याच धुराचं प्रमाण दुपारच्या मानाने कितीतरी जास्त दिसतं. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना मोजून फरक घ्यावा, तर पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणजे जवळपास जालना रोडच्या रेषेतच वाहतो. अशा वेळी रस्त्याची ‘इकडची’ आणि ‘तिकडची’ बाजू उरत नाही, आणि कॅलाइनसारखी रस्त्याकडेच्या प्रसाराची मॉडेलं वारा पडला किंवा रस्त्याला समांतर झाला की सर्वांत कच्ची असतात.

यातून सुटायचा माझा आवडता मार्ग म्हणजे गुणोत्तर. रस्त्याकडेला नॉक्स आणि कार्बन डायऑक्साइड एकाच ठिकाणी, एकाच वेळी मोजा. त्यातून रस्त्यापासून दूर घेतलेली पार्श्वभूमी वजा करा आणि दोन्हींच्या वाढीचा भागाकार घ्या. वाऱ्याने दोन्ही वायू सारखेच विरळ केलेले असतात, म्हणून भागाकारातून वारा निघून जातो. डिझेलच्या किंवा इथेनॉल नसलेल्या पेट्रोलच्या एका किलोमागे साधारण ३.१५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, इथेनॉल मिसळलेल्याचा थोडा कमी. त्यामुळे किलोभर इंधनामागे किती ग्रॅम नॉक्स निघाला, हे थेट मिळतं. हाच आकडा तुमच्या मॉडेलमधून काढा आणि शेजारी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडसाठी तेच. यात प्रसाराचं मॉडेल लागत नाही, वाहनसंख्येची चूकही मधे येत नाही. पथ्यं मात्र पाळा: नायट्रोजन डायऑक्साइड एकटा नको, नायट्रिक ऑक्साइडसह एकूण नॉक्स घ्या, कारण हवेतल्या ओझोनमुळे एकाचं दुसऱ्यात रूपांतर होत राहतं. चहाच्या टपरीची भट्टी, हॉटेलचा जनरेटर, जळता कचरा यांच्यापासून लांब उभे राहा. आणि कार्बन डायऑक्साइडची वाढ फारच थोडी असेल ती मिनिटं टाकून द्या. लहान आकड्याने भागलं की उत्तर उधळतं.

कणांच्या बाबतीत सावध करतो. पीएम १० शी (१० मायक्रॉनपर्यंतच्या हवेतल्या कणांशी) तुमच्या धुराच्या मॉडेलची तुलना करूच नका. जालना रोडच्या कडेला साचलेली माती प्रत्येक बसमागे उडते, ब्रेक आणि टायर झिजतात. हे सायलेन्सरातून येत नाही. स्वस्त सेन्सर दमट हवेत पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतात. कणांसाठी काही करायचंच असेल तर काजळी वेगळी मोजणारं उपकरण मिळवा, नाहीतर तो भाग प्रबंधातून काढा.

२५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीचा डेटा अनेक जण पडताळणीला वापरतात. वाहनं गेली, नॉक्स पडला, मॉडेल बरोबर. पण तेव्हा कारखानेही बंद होते, हॉटेलंही. फरकाचं श्रेय एकट्या वाहतुकीला देता येत नाही. त्याऐवजी छोटा आणि स्वच्छ फरक शोधा: एखाद्या पुलाची दुरुस्ती आणि वळवलेली वाहतूक, किंवा पोलिसांनी एखाद्या चौकात सिग्नल बंद करून हाताने वाहतूक चालवली तो दिवस. त्या दिवसाचा आणि त्याच वारच्या साध्या दिवसाचा गुणोत्तराचा फरक मोजा. मोजमाप पाहण्याआधी मॉडेलचा अंदाज लिहून, तारीख टाकून गाईडकडे द्या. मग ताडून पाहा. तुमच्या सिग्नलच्या प्रश्नाला याहून जवळची परीक्षा नाही.

रँडम फॉरेस्टची एक मर्यादाही लिहायला विसरू नका. शिकवणीत पाहिलेल्या पट्ट्याच्या बाहेर ते सपाट उत्तर देतं. जालना रोडवर ६० च्या आत शिकलेलं मॉडेल समृद्धी महामार्गावर नेलं तर १२० च्या वेगालाही ते ६० चाच धूर सांगेल. शहर बसच्या फेऱ्या वाढवायच्या प्रश्नातही तेच: किती बस तुम्ही प्रत्यक्ष मोजल्या आहेत? एक-दोनच असतील तर बसविषयीचा निष्कर्ष मांडू नका, फक्त सिग्नलचा मांडा.

सबमिशनला तीन-चार महिने असतील, तर माझ्या मते क्रम असा ठेवा. पहिल्या आठवड्यात गाडीनिहाय आणि तुकडानिहाय तपासणी पुन्हा करा, ॲव्हरेजचा तक्ता तयार करा आणि अडाणी मॉडेल बांधा. एवढ्यानेच प्रबंधाचं अर्धं प्रकरण होईल. मग उशीर आणि जीपीएसची दुरुस्ती. त्यानंतर वाहनसंख्या, बीएस टप्प्यांची वाटणी, प्रवेग आणि गुणांक हे एकेक करून २० टक्क्यांनी वर-खाली करा आणि सिग्नलच्या फरकाचं उत्तर किती हलतं ते पाहा. ज्या एका गोष्टीने ते सर्वांत जास्त हलेल, उरलेला वेळ आणि पैसा तिच्या मोजणीवर घाला. माझा अंदाज आहे, ती बीएस टप्प्यांची वाटणी किंवा जुन्या डिझेल तीनचाकीचा गुणांक असेल. रस्त्याकडेची गुणोत्तराची मोजणी नोव्हेंबर-डिसेंबरात, सकाळी आठ ते अकरा ठेवा. हवा कोंडलेली असते, वाढ स्पष्ट दिसते आणि वाहतूकही भरपूर असते. महापालिकेला द्यायच्या अहवालात एक आकडा देऊ नका, पट्टा द्या: ‘सिग्नल जुळवल्यास या तुकड्यावरचा नॉक्स इतक्यापासून इतक्या टक्क्यांपर्यंत घटेल.’ पट्ट्यात शून्यही येत असेल, तर तेही पहिल्याच पानावर लिहा.